रस्त्यावर पैसे मागणाऱ्यांना आणि बेघर लोकांना पैसे द्यावेत का?

तुम्ही विचारलंय की रस्त्यात कोणी हात पुढे केला तर द्यावं की नाही, मित्र म्हणतो सगळं दारूत जातं आणि वर त्यांना फुकटची सवय लागते, आणि नाही दिलं तर तुम्हाला दिवसभर खात राहतं. आधी उत्तर सांगून टाकते म्हणजे ज्यांना लांबलचक वाचायचं नाही ते सुटतील: मोठ्या माणसाने मागितलं, तुमच्याकडे आहे आणि द्यावंसं वाटतंय तर बिनधास्त द्या, दिल्यावर ते पैसे त्याचे झाले, त्याचा हिशोब मनात ठेवू नका. लहान मुलाच्या हातात मात्र पैसे देऊ नका. आणि द्यावंसं वाटत नसेल तर देऊ नका, त्यासाठी समोरच्याला दारुडा ठरवायची गरज नाही.

मी बेघर लोकांच्या एका रात्रनिवाऱ्यात आठवड्यातून एक संध्याकाळ नोंदणीच्या टेबलावर बसते, बरीच वर्षं झाली. तज्ज्ञ वगैरे अजिबात नाही, पण रांगेत उभी असलेली माणसं बोलतात आणि ते कानावर पडत राहतं, त्यामुळे या विषयावर मत बनलंय.

आधी दारूचं बघू कारण सगळ्यांचा पहिला मुद्दा तोच असतो. टोरंटोमध्ये रस्त्यावर मागणाऱ्या ५४ लोकांना नीट बसवून त्यांचा महिन्याचा जमाखर्च विचारला होता, २००२ मध्ये कॅनडाच्या डॉक्टरांच्या जर्नलमध्ये तो अभ्यास छापून आला. त्यात सगळ्यांना कमी-जास्त खर्चाप्रमाणे ओळीत लावून मधल्या माणसाचा खर्च पाहिला तर सगळ्यात जास्त खाण्यावर, महिन्याला साधारण २०० डॉलर, मग तंबाखू-सिगरेट ११२, आणि दारू आणि ड्रग्ज मिळून ८०. सॅन फ्रान्सिस्कोत २०१३ ला १४६ जणांना विचारलं तेव्हा ९४ टक्के म्हणाले खाण्यावर खर्च करतो आणि ४४ टक्के म्हणाले दारू किंवा ड्रग्जवरही करतो. म्हणजे तुमचा मित्र अगदीच हवेत बोलत नाहीये, काही पैसे तिकडे जातातच, पण "सगळं" दारूत जातं हे काही खरं नाही. कोणी म्हणेल लोक खोटं सांगतात, सांगत असतीलही, पण खोटंच बोलायचं असतं तर जवळजवळ निम्म्यांनी नशेचं तरी कशाला कबूल केलं असतं.

आणि समजा समोरचा माणूस खरंच पूर्ण दारूच्या आहारी गेलेला आहे. अशा माणसाची दारू एकदम तुटली तर अंग थरथरतं, भास होतात, फिट येऊ शकते, काही वेळा जीवही जातो, म्हणून ती डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडवतात. तुम्ही खिशात हात घातला नाहीत म्हणून तो संध्याकाळपर्यंत सुधारेल असं होत नाही, तो फक्त पुढच्या माणसाकडे मागतो किंवा पैसे मिळवायचा आणखी वाईट मार्ग शोधतो. उलट तुम्ही दिलेत म्हणून तो दारुडा झाला असंही नाही. दोन्ही बाजूंनी आपण आपल्या त्या सुट्ट्या पैशांना फारच महत्त्व देतो असं मला वाटतं.

सुट्ट्या पैशांचं सोडा, मोठी रक्कम दिली तर काय होतं तेही लोकांनी करून बघितलंय. व्हँकुव्हरमध्ये २०१८ ला ५० बेघर लोकांना कुठलीही अट न घालता एकरकमी ७,५०० कॅनेडियन डॉलर दिले आणि ६५ जणांना न देता दोन्हीकडे वर्षभर लक्ष ठेवलं. पैसे मिळालेल्यांचे वर्षातले बेघर म्हणून काढलेले दिवस सरासरी ९९ ने कमी झाले आणि दारू, सिगरेट, ड्रग्ज यावरचा खर्च काही वाढला नाही. २०२३ मध्ये हे छापून आल्यावर नेटवर लोक नाचायलाच लागले, पण एक गोष्ट बरेच जण सांगत नाहीत, की ज्यांना नशेचा किंवा मानसिक आजाराचा गंभीर त्रास होता त्यांना या प्रयोगात घेतलंच नव्हतं, आणि घेतलेली माणसंही फार जुनी बेघर नव्हती. नंतर अमेरिकेत डेन्व्हरला २०२२ पासून असाच पण मोठा प्रयोग झाला, एका गटाला महिन्याला १,००० डॉलर, एकाला सुरुवातीला मोठी रक्कम आणि मग दरमहा थोडी, आणि तुलनेसाठी एका गटाला फक्त ५०. तिथे तर सगळ्याच गटांत घरात राहायला गेलेल्यांचं प्रमाण वाढलं, ५० डॉलरवाल्यांतही, त्यामुळे मोठ्या रकमेनेच फरक पडला असं काही म्हणता आलं नाही. तर रोख पैसा म्हणजे जादू नाही, पण विषही नाही, एवढं मी या दोन्हींमधून घेते.

आता मला जे खरं लिहायचंय ते. लोक म्हणतात "पैसे नको, वस्तू देतो", आणि त्यात वाईट काही नाही, पण टेबलावर बसल्यावर कळतं की बेघर माणसाचा रोजचा खर्च आपल्या डोळ्यासमोर येतच नाही. टॉयलेटला पैसे लागतात. अंघोळीला लागतात. कपडे धुवायला लागतात, आणि कपडे धुतलेले नसले की कामाला कोणी उभं करत नाही. हॉस्पिटलच्या तारखेला जायला बसचं तिकीट लागतं. सामान कुठेतरी ठेवायला पैसे लागतात, नाहीतर सगळा संसार पाठीवर घेऊन इंटरव्ह्यूला जायचं, आणि तसं गेलं की दारातच कळतं काय होणार ते. कागदपत्रं हरवलेली असतात, कारण फुटपाथवर झोपलं की पहिली चोरी पिशवीची होते, मग नवीन ओळखपत्रासाठी फोटो, झेरॉक्स, फी, आणि पत्ता काय लिहायचा हा प्रश्न वेगळाच. बायकांना पॅड लागतात. यातली एकही गोष्ट तुम्ही दिलेल्या खाण्याच्या पाकिटाने होत नाही, आणि कित्येकदा मोक्याच्या जागी बसलेल्या माणसाकडे दुपारपर्यंत तशी चार पाकिटं जमलेली असतात आणि दात नसल्यामुळे त्यातलं त्याला निम्मं चावतही नाही.

मोबाईलचंही तसंच. "हातात स्मार्टफोन आहे आणि भीक मागतो" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता काही बोलत नाही. अहो, ज्याला पत्ता नाही त्याचा फोन हाच पत्ता असतो. काम देणारा फोन करतो, दवाखाना मेसेज पाठवतो, कुठल्या निवाऱ्यात आज जागा आहे ते फोनवर कळतं, आणि मुलगी कुठेतरी लांब असेल तर तिचा आवाजही त्यातूनच येतो.

आणि "निवारा आहे ना, मग तिथे का जात नाहीत". आमच्याच दारातून लोक परत जातात हो. नवरा-बायको असले तर पुरुष एकीकडे आणि बाई दुसरीकडे, ते म्हणतात आम्ही बाहेरच बरे. कुत्रा असला तर कुत्र्याला प्रवेश नाही, आणि ज्या माणसाकडे जगात दुसरं कोणी नाही तो कुत्र्याला बाहेर सोडून आत येऊन झोपेल असं तुम्हाला वाटतं का? रात्रपाळीचं काम मिळालं तर अजून पंचाईत, कारण दार संध्याकाळी ठरलेल्या वेळी बंद होतं आणि सकाळी सगळ्यांना बाहेर काढतात, म्हणजे तो झोपणार कधी. मोठ्या हॉलमध्ये चोऱ्या होतात, भांडणं होतात, कोणी रात्रभर ओरडतं. आमचा निवारा तसा बरा आहे तरी मी हे लिहितेय.

सवय लागते म्हणता, तर त्याच टोरंटोच्या अभ्यासात ७० टक्के लोक म्हणाले होते की किमान पगाराची का होईना पण नोकरी मिळाली तर तीच बरी, नियमित पैसे तरी येतील. पण त्यातल्याच बऱ्याच जणांना असंही वाटत होतं की आपल्याला ती झेपणार नाही, कोणाला मानसिक आजार, कोणी शरीराने अधू, कोणाला कामच येत नाही. अमेरिकेत आल्बुकर्की शहराचे मेयर रिचर्ड बेरी यांनी २०१५ मध्ये याच्यावर एक साधी गोष्ट केली, एक व्हॅन फिरवायची, मागणाऱ्यांना विचारायचं आज काम करता का, त्यांना शहर साफ करायच्या कामाला न्यायचं, त्याच दिवशी रोख मजुरी द्यायची आणि संध्याकाळी जिथे मदत मिळते तिथे नेऊन सोडायचं. त्याच दिवशी पैसे, हे त्यातलं महत्त्वाचं, कारण महिन्याच्या शेवटी येणाऱ्या पगारावर आज रात्री कसं जेवणार. "काम कर की" असं गाडीच्या काचेतून ओरडणाऱ्यांकडे अशी व्हॅन नसते.

मुलांचं मात्र वेगळं, इथे मी कडक आहे. मूल जितकं कमावतं तितकं ते शाळेत जायची शक्यता कमी होते, घरच्यांनी पाठवलेलं असो की दुसऱ्या कोणी, कारण ते कमावतंय तोवर त्याला रस्त्यावर ठेवणं कोणाच्या तरी फायद्याचं असतं. सेनेगलमध्ये निवासी धार्मिक शाळांमधल्या हजारो मुलांना रोज ठरावीक रक्कम आणायला रस्त्यावर पाठवतात, नाही आणली तर मार, २००५ मध्ये त्याविरुद्ध कायदा झाला तरी ते पूर्ण थांबलेलं नाही. मुलाशी बोला, भुकेलं असेल तर तिथेच उभं राहून खायला घाला, आणि मुलांच्या हेल्पलाईनला फोन करा. फोन करायला लोक का कचरतात मला कळत नाही, नाव सांगायचीही बहुतेक ठिकाणी गरज नसते.

टोळ्या असतात का, तर असतात, पण प्रत्येक मागणाऱ्यामागे टोळी असते हे मी मानत नाही, आणि दहा सेकंदांत ओळखायची विद्या माझ्याकडे नाही, तुमच्याकडेही नसणार.

कायद्याचं थोडक्यात, कारण कोणीतरी कमेंटमध्ये विचारणारच. काही ठिकाणी मागणंच गुन्हा आहे, पण कोर्ट हल्ली तसं सहज मान्य करत नाहीत. दिल्ली हायकोर्टाने २०१८ मध्ये भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हात एका निरक्षर, गरीब रोमा (युरोपातला एक अल्पसंख्याक समाज) बाईला भीक मागितली म्हणून ५०० फ्रँक दंड झाला, भरता आला नाही म्हणून पाच दिवस कोठडी, तर २०२१ मध्ये युरोपच्या मानवाधिकार कोर्टाने हा तिच्या हक्कांचा भंग आहे असं म्हटलं. ज्याच्याकडे पैसे नाहीत म्हणून तो मागतोय त्याला पैशांचा दंड करणं, काय बोलायचं यावर.

आता तुमचं दिवसभर खात राहणं. पोप फ्रान्सिस यांना २०१७ मध्ये मिलानमधल्या, बेघर लोकच विकतात अशा एका मासिकाने हाच प्रश्न विचारला होता, तर त्यांचं म्हणणं असं की देणं नेहमीच बरोबर, पण नाणं फेकून पुढे जाऊ नका, डोळ्यात बघा, हाताला हात लागू द्या. मी काही त्यांच्या धर्माची नाही पण हे पटलं. रांगेतले लोकही हेच सांगतात, नाही म्हटल्याचा त्यांना इतका राग येत नाही, आपल्याकडे बघून न बघितल्यासारखं करतात त्याचा येतो. "आज नाही जमणार" एवढं तोंडाने म्हणा आणि चालायला लागा, पुरतं. आणि निर्णय रस्त्यावर घेऊ नका, घरीच ठरवा. मी महिन्याची एक छोटी रक्कम ठरवते आणि सुट्टे वेगळ्या खिशात ठेवते, म्हणजे पर्स उघडावी लागत नाही, संपले की त्या महिन्याचं संपलं, आणि कोण जास्त गरजू वाटतोय याची परीक्षा मी घेत नाही. रात्री एकट्या असाल, कोणी अंगावर येत असेल, मागे मागे येत असेल तर तिथून निघा, तिथे दयामाया आणि अपराधी वाटणं दोन्ही बाजूला ठेवा.

सुट्ट्या पैशांनी कोणाला घर मिळत नाही हे उघड आहे, त्यामुळे दरमहा जरा मोठी रक्कम द्यायची ऐपत असेल तर ती घर देणाऱ्यांना द्या. न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेंबेरिस या मानसशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये उलटी पद्धत सुरू केली, आधी घर द्यायचं आणि मग बाकीचं, दारू सोड मग खोली देतो अशी अट नाही. फिनलंडने २००८ पासून ही पद्धत देशभर राबवली आणि तिथे वर्षानुवर्षं बेघर असलेल्यांची संख्या खूप खाली आली. कॅनडाने पाच शहरांत दोन हजारांच्या आसपास लोकांवर तुलना करून बघितली, घर आधी मिळालेले लोक घरात टिकले. म्हणून संस्था निवडताना त्यांना विचारा की खोली देण्याआधी काय अटी घालता, आणि वर्षभराने किती जण अजून त्या घरात आहेत. उत्तर गोलगोल आलं तर दुसरी बघा. आणि वस्तूच द्यायच्या असतील तर आधी फोन करून काय हवंय ते विचारा, बहुतेक वेळा मोजे आणि नवीन आतले कपडे असं उत्तर येईल, आणि ब्लँकेट नकोत असंही, आमच्याकडे तरी ती ठेवायला जागा उरलेली नाही.