जुन्या 35 एचपी ट्रॅक्टरला किती फुटी रोटाव्हेटर जोडावा?

पेरणीपूर्व मशागतीच्या दिवसांत शेतकऱ्यांकडून हमखास येणारा प्रश्न म्हणजे, घरचा ट्रॅक्टर जुना आहे, त्यावर रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारे अवजार) चालेल का? परतूर तालुक्यातील एका शेतकऱ्याने नेमके विचारले आहे: "35 एचपीचा जुना बी-275 ट्रॅक्टर आहे, सिंगल क्लचचा. दुकानदार म्हणतो सहा फुटी घ्या, काम झटक्यात उरकते. जमीन काळी, कापूस आणि सोयाबीनची. घेऊ का?"

सहा फुटी घेऊ नका. आरसी बुकावर लिहिलेले एचपी इंजिनाचे असतात आणि रोटाव्हेटर फिरतो पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे अवजाराला ताकद देणाऱ्या फिरत्या दांड्यावर. तिथवर पोचेपर्यंत दहा-पंधरा टक्के ताकद वाटेतच खर्च होते. त्यात लायनर-पिस्टन झिजलेले, पंप कधी तपासलेला नाही. म्हणजे 35 चा ट्रॅक्टर पीटीओवर 30 देईल तर नशीब. भारी काळ्या रानात रोटाव्हेटरला फुटामागे पीटीओचे सात-आठ एचपी लागतात असा ढोबळ हिशेब धरा. यात चार फुटी बसतो. मुरमाड, हलक्या रानात थोडा रुंद ओढेल, पण तुमची जमीन तशी नाही. शिवाय सहा फुटीचे वजन 400 किलोच्या पुढे जाते. धुऱ्यावर तो उचलला की पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर सरळच जातो.

दुकानदाराचे एक म्हणणे मात्र खरे आहे. चार फुटीने मागच्या दोन्ही चाकांचे माग मिटत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे मागच्या चाकांतले अंतर शक्य तेवढे कमी करा आणि रोटाव्हेटर एका बाजूला सरकवून जोडा. एका चाकाचा माग तो स्वतः मिटवतो, दुसऱ्याचा पुढच्या फेऱ्यात मिटतो. फेरे त्या हिशेबाने घ्या.

आता वेग. पीटीओ मिनिटाला 540 फेऱ्यांवर आणि चाल ताशी अडीच ते तीन किलोमीटर, या दोन गोष्टी जमल्या की निम्मे काम झाले. जुन्या ट्रॅक्टरचे मीटर बहुधा बंद असते, म्हणून मेकॅनिककडून टॅकोमीटर लावून एकदाच पीटीओ मोजून घ्या आणि 540 वर हँड थ्रॉटल जिथे येतो तिथे रंगाची खूण करा. चाल मोजायला 25 मीटरवर दोन खुंट्या ठोका. लो पहिल्या गिअरात हे अंतर 30 ते 36 सेकंदांत पार झाले पाहिजे. त्यापेक्षा लवकर पार झाले तर ढेकळे राहतील आणि इंजिनावर बोजा पडेल. या चालीने चार फुटीला एकरामागे वळणे धरून पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. भाड्याने मारणारा तासाभरात उरकतो, त्याच्याशी बरोबरी करू नका. काळा धूर येऊन इंजिन बसायला लागले तर गिअर वाढवू नका, खोली कमी करा. बाजूचे स्किड (खोली ठरवणाऱ्या पट्ट्या) चार इंचांवर लावून सुरुवात करावी.

सिंगल क्लचबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण अपघात इथेच होतात. डबल क्लचच्या ट्रॅक्टरात पेडल अर्धे दाबले की चाके थांबतात आणि पीटीओ फिरत राहतो. सिंगलमध्ये दोन्ही एकदमच इंजिनापासून सुटतात. पण उचललेल्या रोटाव्हेटरचा जड रोटर लगेच थांबत नाही. तो पीटीओमार्फत उलटा गिअरबॉक्स फिरवतो आणि क्लच दाबलेला असताना ट्रॅक्टर पुढे ढकलला जातो. पुढे बांध किंवा विहीर असली तर काय होईल, हे सांगायला नको. यासाठी पीटीओ शाफ्टवर बसणारा ओव्हर-रनिंग क्लच मिळतो. तो ताकद एकाच दिशेने जाऊ देतो. तो बसवल्यावर शाफ्ट तीन-चार इंच पुढे येतो, म्हणून जॉइंटची (पीटीओ आणि रोटाव्हेटर जोडणाऱ्या दांड्याची) नळी पुन्हा मोजा. रोटाव्हेटर खाली-वर करून सर्वांत जवळच्या स्थितीत नळ्या एकमेकींना टेकता कामा नयेत आणि सर्वांत लांबच्या स्थितीत निदान एक तृतीयांश एकमेकींत राहिल्या पाहिजेत. कापायचीच वेळ आली तर दोन्ही नळ्या आणि त्यांची गार्डे सारखीच कापा.

काही जुन्या ट्रॅक्टरांत क्लच दाबला की लिफ्टचा पंपही थांबतो. म्हणून धुऱ्यावर आधी लिफ्ट उचला, मग क्लच दाबा. पाती मातीत रुतलेली असताना क्लच सोडून झटका देऊ नका. वर उचला, पाती पूर्ण वेगात येऊ द्या आणि चालत्या ट्रॅक्टरवर हळूहळू खाली सोडा. उचलल्यावर जॉइंट खडखडत असेल तर तुम्ही तो जास्त उचलताय. पाती जमिनीपासून वीतभर सुटली की पुरे. वाटेने नेताना पीटीओ बंदच.

जॉइंटवरचे प्लॅस्टिकचे गार्ड काढून टाकण्याची आपल्याकडे खोडच आहे. 540 फेरे मिनिटाला म्हणजे सेकंदाला नऊ. उपरण्याचे टोक किंवा साडीचा पदर गुंडाळला गेला तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. पऱ्हाटीची साल, ठिबकची नळी पात्यांत अडकली तर इंजिन बंद करून, किल्ली खिशात घालून आणि रोटाव्हेटर जमिनीवर टेकवूनच काढा. उभ्या पऱ्हाट्यांत हा रोटाव्हेटर घालूच नका. पऱ्हाट्या आधी उपटून किंवा कुट्टी करून घ्या.

औसा तालुक्यातून दुसरी तक्रार आहे: "चार वर्षे फक्त रोटाव्हेटर मारतो, नांगरट बंद केली. आता सोयाबीन पिवळे पडते, पाणी मुरत नाही." याचे कारण बहुतेक वेळा रोटाव्हेटरच असतो. पाती दरवर्षी त्याच चार-पाच इंचांवर माती घासतात आणि त्याखाली कडक थर धरतो. ओल्या काळ्या मातीत हे आणखी लवकर होते. शिवाय वरची माती पिठासारखी झाली की पेरणीनंतरच्या जोरदार सरीने पापुद्रा धरतो आणि सोयाबीनचा कोंब वर येत नाही. खात्री करायची तर फूटभर खड्डा खणून चाकूचे टोक बाजूच्या मातीत वरून खाली टोचत जा. थर जिथे असेल तिथे हाताला लगेच कळतो. तो फोडायला उन्हाळ्यात, जमीन कोरडी असताना, सबसॉयलर (माती न उलटता खोलवर फोडणारे अवजार) किंवा खोल नांगरट लागते. हे काम 35 एचपीचे नाही, मोठा ट्रॅक्टर भाड्याने आणा. दर दोन-तीन वर्षांनी एकदा पुरते. मधल्या वर्षांत वखराच्या पाळ्यांनी भागत असेल तर रोटाव्हेटर मारू नका. लागलाच तर वळवाच्या पावसानंतर वाफशावर (माती ना ओली ना कोरडी असताना) एकच पाळी मारा. वाफसा पाहायला चार इंच खालची माती घेऊन लाडू वळा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडा. फुटला तर चाला, चपटा झाला तर थांबा.

रोटाव्हेटरच्या अनुदानाचेही विचारले आहे. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करा. अल्प-अत्यल्प भूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना 50 टक्के, इतरांना 40 टक्के, दोन्हीला कमाल मर्यादा आहे. पूर्वसंमती हातात येण्याआधी काढलेले बिल अनुदानाला चालत नाही, तेव्हा दुकानदाराने "आज घ्या, कागद नंतर करू" म्हटले तरी थांबा.