स्पर्धेत एका रात्रीत हजारो मतं पडली, ती बॉटची असू शकतात का?

तुमच्या मुलीच्या रांगोळीला चार दिवसांत दोनशे लाइक, आणि सकाळी उठून बघता तर दुसऱ्या फोटोला एकदम तीन हजार. ही मतं माणसांची नसून बॉटची, म्हणजे आपोआप मतं टाकणाऱ्या प्रोग्रामची, अशी शंका येणारच. यादी न बघता मी ठाम सांगू शकत नाही, पण आमच्याकडे घडलेलं सांगतो.

उदगीरजवळच्या गावात आम्ही काही शिक्षक मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, १७ सप्टेंबरला, वक्तृत्व स्पर्धा घेतो. कोरोनाच्या वर्षी व्हिडिओ मागवले आणि निकाल ऑनलाइन मतांवर ठेवला. ती आमची मोठी चूक. शेवटच्या रात्री आठव्या नंबरचा व्हिडिओ पहिल्यावर गेला. मत द्यायला ईमेलनं खातं उघडावं लागायचं, त्यामुळे वेळेसकट यादी माझ्याकडे होती. पहाटे २:४० ते ४:१०, दर तीन सेकंदाला एक मत, मधे कुठंच खंड नाही. दीड तासात अठराशे. माणसांची मतं अशी पडत नाहीत. शाळेच्या ग्रुपवर लिंक गेली की पंचवीस-तीस येतात, मग तासभर शुकशुकाट, रात्री जेवणं झाल्यावर पुन्हा थोडी. शिवाय ही सगळी खाती मत देण्याच्या काही सेकंद आधी उघडलेली.

त्या मुलाला विचारलं. सातवीतलं पोर. "मामा म्हणले मी बघतो, मला काय माहीत नव्हतं सर," एवढं बोलला आणि रडायला लागला. मतं मामानं विकत घेतली होती. म्हणून हात जोडून सांगतो, समोरच्या लेकराचं नाव कुठल्याही ग्रुपवर टाकू नका.

हा धंदा छोटा नाही. २०१७ साली थायलंडमध्ये पोलिसांनी एका घरातून शेकडो आयफोन आणि तीन लाखांवर सिमकार्डं जप्त केली. लाइक वाढवून द्यायचं काम तिथून चालायचं. रेडिटसारखी साइट, जिथं लोक एकमेकांच्या पोस्टना मतं देतात, ती तर मतांचा आकडा मुद्दाम थोडा इकडेतिकडे करून दाखवते, म्हणजे बॉट चालवणाऱ्याला आपलं मत धरलं की नाही ते कळू नये.

मला जास्त खुपतं ते वेगळंच. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मुचनिक, अरल आणि टेलर यांचा प्रयोग छापून आला. एका बातम्यांच्या साइटवर काही प्रतिक्रियांना त्यांनी सुरुवातीलाच एकेक खोटं पसंतीचं मत दिलं, तर त्यांचे शेवटचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी वाढले. खोटं नापसंतीचं मत लोकांनी भरून काढलं, पसंतीचं मात्र नाही. म्हणजे बॉटनं रेघ ओढून दिली की खरी माणसंही त्याच रेघेवर चालायला लागतात, आणि पुढची मतं बॉटची नसली तरी निकाल बिघडलेलाच असतो. आम्ही म्हणूनच फक्त ती अठराशे मतं वजा केली नाहीत, सगळंच मतदान रद्द केलं. तिघा शिक्षकांनी दोन दिवस बसून प्रत्येक व्हिडिओ ऐकला.

तुमच्या स्पर्धेची मुदत अजून असेल तर आजपासून तासातासाला दोन्ही फोटोंचा स्क्रीनशॉट काढा, वेळ दिसली पाहिजे. लाइक देणाऱ्यांची यादी उघडून वीस-पंचवीस खाती बघा: फोटो आहे का, जुन्या पोस्ट आहेत का, मित्र कुठले आहेत. हे सगळं संयोजकांना एकट्यात दाखवा आणि परीक्षक नेमा म्हणून लेखी मागा. मुलीला बरोबर नेऊ नका.