तिठ्यावरची मुले

प्रश्न : माझा मुलगा १६ वर्षांचा असून अकरावीत शिकतो. आम्ही गोव्याच्या फोंडा तालुक्यातील एका गावात राहतो. गेले वर्षभर तो संध्याकाळी सात-आठ मुलांबरोबर तिठ्यावर बसतो. मे महिन्यात फुटबॉलच्या सामन्यावरून या मुलांची शेजारच्या वाड्यावरील मुलांशी मारामारी झाली, त्या वाड्यावरील दोघांची डोकी फुटली आणि पोलिसांनी सर्वांना ठाण्यावर बोलावून समज दिली. तेव्हापासून गावात यांना ‘गँग’ म्हणतात, आणि मुलांनीही आपल्या व्हॉट्सॲप गटाला तेच नाव दिले आहे. भायल्यांच्या, म्हणजे बाहेरून आलेल्यांच्या, मुलांमुळे आमची मुले बिघडली, असे शेजारी म्हणतात. यजमानांच्या मते त्याला बेळगावला काकांकडे पाठवावे. त्याच्या दप्तरात ‘वासूनाका’ ही कादंबरी सापडली. असली पुस्तके आणि टोळ्यांवरचे चित्रपट यांचाच हा परिणाम असेल का? पोलिसांतील नोंद पुढे त्याच्या आड येईल का?
— एक माता

उत्तर : ताई, पुस्तकापासून सुरुवात करतो, कारण त्या बाबतीत मी आपल्याला पूर्ण निर्धास्त करू शकतो. भाऊ पाध्ये यांची ही कादंबरी १९६५ साली प्रसिद्ध झाली. मुंबईतील एका नाक्यावर दिवस घालवणाऱ्या पोरांची ती गोष्ट त्या पोरांच्याच बोलीत सांगितलेली आहे. आचार्य अत्रे यांनी तिच्यावर कडाडून टीका केली, तर दुर्गा भागवत यांनी तिची पाठराखण केली. ज्या मुलांकडे सभ्य वाचक मान वळवून पुढे जातो, त्यांचे बोलणे जसेच्या तसे कानांवर पडले, याचाच धक्का त्या वादामागे अधिक होता, असे मला वाटते. नाक्यावरचे आयुष्य हेवा वाटावा असे त्या पुस्तकात रंगवलेले नाही. ज्या मुलाने ते मिळवून वाचायला घेतले, त्याला आपल्या तिठ्याविषयीच काही प्रश्न पडला असण्याचा संभव आहे. पुस्तक दप्तरात परत ठेवा आणि जमल्यास आपणही वाचा. चित्रपटांविषयी मात्र मी इतका उदार नाही. ज्या चित्रपटात टोळीचा म्होरक्या संगीताच्या साथीने ऐटीत चालत येतो, पण ज्याच्यावर वार झाला त्याची आई पडद्यावर कधीच दिसत नाही, तो खोटा असतो, आणि हे मुलाच्या शेजारी बसून, चित्रपट पाहता पाहता त्याला सांगितले पाहिजे.

आता ‘गँग’ या नावाविषयी. फ्रेडरिक थ्रॅशर या समाजशास्त्रज्ञाने शिकागो शहरातील १,३१३ टोळ्यांचा अभ्यास करून १९२७ साली त्यावर ग्रंथ लिहिला. खेळायला म्हणून मुलांचा घोळका आपोआप जमतो, आणि बाहेरच्यांशी, म्हणजे दुसऱ्या गल्लीतील मुलांशी, शेजाऱ्यांशी किंवा पोलिसांशी, संघर्ष झाला की त्या संघर्षातून तो घट्ट होत जाऊन टोळी बनतो, असे त्याचे मुख्य निरीक्षण होते. आपल्या पत्रातला क्रम नेमका हाच आहे. वर्षभर ही मुले नुसती बसत होती. मे महिन्यात मारामारी झाली, मग गावाने नाव ठेवले आणि मुलांनी ते अंगावर घेतले. मी बार्देशातील एका हायस्कुलात २२ वर्षे शिकवले. ज्याला कशातही पहिला नंबर मिळत नाही, अशा मुलाला ‘हा डेंजर’ एवढे एक विशेषण मिळाले, तर ते तो पदकासारखे मिरवतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. म्हणून आपल्या घरात तरी हा शब्द कोणी उच्चारू नये. मुलांचा उल्लेख त्यांच्या नावांनीच व्हावा.

शेजाऱ्यांच्या म्हणण्याला शिकागोतच उत्तर मिळालेले आहे. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी तेथील बाल न्यायालयाच्या अनेक दशकांच्या नोंदी नकाशावर मांडल्या आणि १९४२ साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. शहराच्या मध्यभागाजवळ, कारखान्यांना लागून असलेल्या पडक्या वस्त्यांत गुन्ह्यांचे प्रमाण सतत जास्त होते. तिथे आधी जर्मन आणि आयरिश राहत, पुढे इटालियन आणि पोलिश आले. माणसे बदलली तरी वस्तीचे प्रमाण तसेच उंच राहिले, आणि जी कुटुंबे तेथून बाहेर पडून चांगल्या भागात गेली, त्यांच्या मुलांमधील प्रमाण उतरले. दोष रक्तात किंवा भाषेत असता, तर तो त्यांच्याबरोबर नव्या घरी गेला असता. आपल्याकडे बांधकामावर किंवा औद्योगिक वसाहतीत राबणाऱ्यांची मुले भाड्याच्या खोलीत राहतात, आईवडील अंधार पडेपर्यंत कामावर असतात, आणि गावाच्या देवळात, मैदानात वा मंडळात त्यांना कोणी आपले म्हणत नाही. त्यांना ‘भायले’ म्हणून दूर ठेवणे हा मला अन्याय वाटतो, आणि त्यांना तिठ्यावर ढकलण्याचा तो सर्वांत जवळचा रस्ताही आहे.

ज्या गोष्टीची मला खरी काळजी वाटते, तिचा आपल्या पत्रात उल्लेख नाही. या सात-आठ जणांत कोणी मोठा माणूस आहे का? चार्ल्स डिकन्सची ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ १८३७ ते १८३९ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. अनाथ ऑलिव्हर गरिबांसाठीच्या आश्रयगृहात आणखी पेज मागतो आणि त्याला शिक्षा होते. पुढे तो लंडनच्या वाटेवर उपाशी बसलेला असताना त्याला पोटभर खाऊ घालतो तो एक खिसेकापू मुलगा, आणि रात्रीचा निवारा देतो तो त्या मुलांचा म्होरक्या, म्हातारा फॅगिन. हा फॅगिन खिशात रुमाल आणि घड्याळ ठेवून खोलीत फिरतो, मुले त्याला नकळत ते काढतात आणि सारे हसतात. ऑलिव्हरला तो खेळच वाटतो. जेवण, हसणे, कौतुक आणि मग काम, हा क्रम दोनशे वर्षांत बदललेला नाही. आज रुमालाच्या जागी एखादे पाकीट इथून तिथे पोहोचवणे असेल, आणि शाबासकी म्हणून मोटारसायकलची एक फेरी. आपल्या मुलाकडे न मागता नवा मोबाइल आला आहे का, त्याचा खर्च कोण करतो, पंचवीस-तिशीचा कोणी तिठ्यावर येऊन थांबतो का, हे शांतपणे पाहा. असा माणूस आढळला, तर प्रकरण मुलांच्या भांडणापुरते राहत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ मधील कलम ८३ प्रमाणे मुलांना बेकायदा कामासाठी वापरणाऱ्या प्रौढाला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाख रुपये दंड होऊ शकतो. अशा वेळी १०९८ या क्रमांकावर मदत मागण्यात कमीपणा मानू नये.

नोंदीविषयी याच कायद्यात पुष्कळ दिलासा आहे. १८ वर्षांखालील मुलाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याला ताब्यात घेतल्यास प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते. या मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात. मुलाविषयी दोषारोपाचे शब्द वापरू नयेत, हे तर कायद्याचे मूलतत्त्वच आहे, आणि त्याची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. प्रकरण निकाली निघाले असल्यास चारित्र्याच्या दाखल्यासाठी ती नोंद पोलिसांनी उघड करायची नसते. आपल्या बाबतीत तर समज देऊन सोडले आहे. ठाण्यावर मुलांना कोणी अपमानास्पद वागवले असल्यास मात्र ते लेखी कळवावे. एक अपवाद ध्यानात ठेवा : १६ वर्षे पूर्ण झालेल्या मुलाने, ज्याला किमान ७ वर्षांची शिक्षा आहे असा अतिगंभीर गुन्हा केल्यास, त्याच्यावर प्रौढांप्रमाणे खटला चालवायचा का, याचा विचार मंडळ करू शकते. तसेच परवाना नसताना त्याच्या हाती वडिलांची मोटारसायकल असेल, तर ती आजच काढून घ्या. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने वाहन चालवताना गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

बेळगावला पाठवू नका. प्रौढ म्होरक्या त्याच्या मागे लागला असता, तर मी वेगळा सल्ला दिला असता. पण अकरावीच्या मध्यावर घरातून हलवलेला मुलगा तिथे नवखा ठरेल, म्हणजे त्या शहरातला ‘भायला’ होईल, आणि त्याला जवळ करायला तिथेही कोणता तरी तिठा असेलच. त्याऐवजी जत्रेच्या मराठी नाटकाची तालीम बसवणाऱ्यांना भेटा आणि एकट्या मुलासाठी नव्हे, तर तिठ्यावरच्या सर्वांसाठी काम मागा. अभिनय जमला नाही, तरी पडदे, प्रकाशयोजना, रंगमंचाची बांधणी यांना हात लागतातच, आणि त्या तालमी रात्री, नेमक्या तिठ्यावर बसण्याच्या वेळीच चालतात.

त्याआधी एक काम आपल्या यजमानांनी स्वतः करावे. ज्या दोन मुलांची डोकी फुटली, त्यांच्या घरी मुलाला घेऊन जावे, त्यांच्या आईवडिलांसमोर बसावे, औषधपाण्याचा खर्च विचारावा आणि मुलाला स्वतःच्या तोंडाने क्षमा मागू द्यावी. चतुर्थीला ही सारी मुले घुमट हे वाद्य घेऊन घरोघर आरत्यांना फिरतील आणि त्या वाड्यावरही जातील. तो दिवस उजाडण्यापूर्वी ही भेट झालेली असावी.