वाचकांचे प्रश्न : देव सिद्ध करून दाखवता येतो का?

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. श्रावणात आमच्या घरी कानबाई, आमची खान्देशातली देवी, बसते, सगळी भाऊबंदकी रोटाला, म्हणजे तिच्या प्रसादाला, जमते. यंदा मी म्हणालो, "आधी देव आहे हे सिद्ध करा, मग हात जोडतो." वडील म्हणाले, "तू नाही हे सिद्ध कर." सुरतहून आलेले काका म्हणाले, "करणाऱ्याशिवाय साधं मडकं होत नाही, मग एवढं जग कोणी केलं?" मला उत्तर सुचलं नाही. मॅडम, तर्काने देव सिद्ध होतो का? निदान त्याची व्याख्या तरी करता येते का? आणि यातलं काहीच होत नसेल तर हात जोडणं हा खोटेपणा नाही का?
— एक वाचक, धरणगाव

उत्तर : तुझ्या काकांपासून सुरुवात करते. त्यांचा मुद्दा घरगुती वाटला तरी त्यामागे हजार वर्षांचा वाद उभा आहे. मिथिलेच्या उदयनाचार्यांनी, न्याय दर्शनाच्या पंडितांनी, दहाव्या शतकाच्या सुमारास 'न्यायकुसुमांजली' लिहिली ती ईश्वर सिद्ध करण्यासाठीच. त्यांचं एक प्रमुख अनुमान काकांसारखंच आहे : घट हे कार्य आहे, म्हणून त्याला कर्ता आहे, पृथ्वी, अंकुर हीही कार्यं आहेत, म्हणून त्यांनाही कर्ता हवा, आणि एवढं सगळं जाणून घडवू शकेल असा कर्ता म्हणजे ईश्वर. समोर बौद्ध पंडित होते, ते यातली कडी न् कडी तपासून तोडत होते. तेव्हा काकांना हसण्यावारी नेऊ नकोस. फार बुद्धिमान माणसांनी या विचारावर आयुष्य घातलं आहे.

पण त्याला एक कठोर उत्तर रामानुजाचार्यांनी दिलं. नारायणाच्या भक्तीचा एवढा मोठा आचार्य, आणि श्रीभाष्यात तो म्हणतो की अनुमानाने ईश्वर सिद्ध होत नाही. वाडा किंवा गोपूर एकट्या माणसाने उभारलेलं कोणी पाहिलं आहे का? त्याला अनेक हात लागतात, वेगवेगळा काळ लागतो. मग पृथ्वी, पर्वत, समुद्र ही कार्यं आहेत असं मानलं, तरी ती सगळी एकाच कर्त्याने एकाच वेळी केली हे कुठून काढलं? शिवाय आपण पाहिलेला प्रत्येक कर्ता शरीरधारी असतो. मग जगाच्या कर्त्यालाही शरीर मानायचं का? रामानुजांच्या मते ईश्वर शास्त्रातून, म्हणजे वेद-उपनिषदांतून, कळतो, तर्कातून नाही. शास्त्र प्रमाण मानायचं की नाही हा पुढचा प्रश्न झाला. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की देवावर जिवापाड प्रेम करणाऱ्यानेच देवाच्या बाजूचा कच्चा पुरावा बाजूला सारला. आपल्याकडे ही शिस्त होती, आणि ती आज फार कमी दिसते याचं मला मनापासून वाईट वाटतं.

काकांना एवढंच सांग : तुमचं अनुमान पूर्ण मान्य केलं तरी हाती लागतो तो कोणीतरी कर्ता, कदाचित पुष्कळ कर्ते. तो दयाळू आहे, आपलं ऐकतो, श्रावणातल्या रविवारी आपल्या घरी येतो, यातलं काहीही त्यातून निघत नाही. तुझी आई जिला माय म्हणून हाक मारते, ती त्या अनुमानाच्या शेवटी भेटत नाही.

आता व्याख्या. मी चाळीसगावात शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे इथे गणितातूनच बोलते. 'सर्वांत मोठी मूळसंख्या' ही व्याख्या बघ. एकही शब्द संदिग्ध नाही, सातवीतल्या मुलीलाही कळते. तरीही अशी संख्या नाही. ग्रीक गणिती युक्लिडने हे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी दाखवलं. समज, मूळसंख्या कुठेतरी संपतात. त्या सगळ्यांचा गुणाकार कर आणि त्यात १ मिळव. या नव्या संख्येला यादीतल्या कोणत्याही मूळसंख्येने भागलं तर बाकी १ उरते. म्हणजे यादीबाहेरची एखादी मूळसंख्या असलीच पाहिजे. यादी पूर्ण होतच नाही.

यातून तुला दोन गोष्टी मिळतात. पहिली : व्याख्या करता आली म्हणून वस्तू अस्तित्वात येत नाही. अकराव्या शतकात अँसेल्म नावाच्या ख्रिस्ती संन्याशाने असा युक्तिवाद केला होता की ज्याहून थोर काही कल्पिताच येत नाही तो देव. आणि असणं हे नुसतं कल्पनेत असण्यापेक्षा थोर, म्हणून देव असलाच पाहिजे. पहिल्यांदा वाचताना हा युक्तिवाद मनाला पकडतो, नेमकं कुठे चुकतंय ते पटकन सापडत नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८१ च्या ग्रंथात त्याची गाठ सोडवली : शंभर नाण्यांची कल्पना आणि खरी शंभर नाणी यांच्या व्याख्येत काहीही फरक नसतो, फरक पडतो तो खिशात. 'असणं' हा वस्तूच्या गुणांच्या यादीत घालायचा आणखी एक गुण नव्हे.

दुसरी गोष्ट तुझ्या वडिलांसाठी. 'नाही' हे सिद्ध करताच येत नाही, असं लोक सर्रास म्हणतात. ते बरोबर नाही. युक्लिडने 'नाही' हेच सिद्ध केलं. मात्र त्यासाठी आधी व्याख्या नेमकी लागते. म्हणून वडिलांनी आव्हान दिलं तर तू विचारायचं, कोणता देव? 'या नवसाला हमखास पावणारा' म्हणत असाल तर ते तपासता येईल. 'एक शक्ती आहे' एवढंच म्हणत असाल, तर त्यात सिद्ध करण्यासारखंही काही नाही आणि खोडण्यासारखंही नाही. तुझ्या 'सिद्ध करा'ला जी अडचण आहे तीच त्यांच्या 'सिद्ध कर'ला आहे. तुम्ही दोघेही कशाबद्दल बोलताय ते ठरवण्याआधीच भांडायला बसलात.

इथे मला पाटणचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. चाळीसगावच्या पाटणादेवीला तू गेला असशील. तिथल्या १२०७ सालच्या शिलालेखात लिहिलं आहे की भास्कराचार्यांच्या नातवाने, यादवांच्या दरबारातल्या चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. आठशे वर्षांपूर्वी आपल्या डोंगराच्या कुशीत 'सिद्धान्तशिरोमणी'चा अभ्यास व्हावा म्हणून दान दिलं गेलं! त्या ग्रंथाच्या बीजगणितात शून्याने भागून येणाऱ्या राशीबद्दल भास्कराचार्य सांगतात की तिच्यात कितीही मिळवा, तिच्यातून कितीही काढा, तिच्यात बदल होत नाही. जसा सृष्टी होताना आणि लय होताना असंख्य जीव बाहेर पडले किंवा आत शिरले तरी अनंत अच्युतात बदल होत नाही. आज वर्गात आम्ही शून्याने भागाकार व्याख्येबाहेरच ठेवतो, ते असो. भास्कराचार्य इथे काय करतात ते पाहा. ते राशीवरून देव सिद्ध करत नाहीत, देवावरून राशीही सिद्ध करत नाहीत. दोन्हींकडे मन लावून पाहिलेला माणूस एकाच्या आधाराने दुसरं समजावून देतो. तर्क आणि श्रद्धा एकाच डोक्यात नांदू शकतात, एकीला दुसरीची साक्ष काढावी लागत नाही.

आणि खोटेपणा? मी देव मानते, हे आधी स्पष्ट सांगते. कानबाईच्या जागरणात आईच्या तोंडची गाणी म्हणताना मला जे जाणवतं, ते माझं मानण्याचं कारण आहे. त्याला मी पुरावा म्हणत नाही, आणि ते तुला बांधील नाही. सिद्धता सगळ्यांना बांधते, मग ऐकणारा कोणत्याही घरातला असो. माझी जाणीव तशी बांधू शकत नाही. खोटेपणा होतो तो पुरावा नसताना आहे असं सांगण्यात. मोबाइलवर 'आता विज्ञानानेही मान्य केलं' म्हणून जे निरोप फिरतात, ते मी पुढे पाठवत नाही. हात जोडणाऱ्याने एवढी शिस्त पाळली तर तो खोटा नाही. तुला हात जोडावेसे वाटत नसतील तर जोडू नकोस, पण रोट वाढायला उभा राहा. भाऊबंदकीत बसण्यासाठी कोणताही सिद्धान्त मान्य करावा लागत नाही.

मग तर्काला काही कामच उरलं नाही का? फार मोठं काम उरतं. जोतीराव फुल्यांनी देवाला 'निर्मिक' म्हटलं. तो मानताना त्यांनी त्याच्या नावाने केलेला प्रत्येक दावा बुद्धीपुढे उभा केला. एकाच निर्मिकाने सगळी माणसं घडवली असतील तर जन्माने कोणी उच्च कसा? लेकराला आईबापापाशी जायला मध्ये दलाल कशाला? १८७३ साली सत्यशोधक समाज उभा राहिला तो या प्रश्नांवर. देव आहे की नाही याचा निकाल तर्क देत नाही, पण 'देवाला असं हवं आहे' म्हणून कोणी तुझ्यावर काही लादत असेल, तर ते तपासण्याचा पूर्ण अधिकार तर्काला आहे. तू बी.एस्सी. होशील तेव्हा हा अधिकार वापर, घरातही आणि घराबाहेरही.

उदयनाचार्यांची एक आख्यायिका राहिली. ते पुरीला जगन्नाथाच्या दर्शनाला गेले तर दार बंद. तेव्हा ते देवावर रागावून म्हणाले, आज ऐश्वर्याच्या मदात माझी अवहेलना करतोस, पण बौद्ध पुढे ठाकले की तुझं अस्तित्व माझ्या हाती असतं! मला त्यातला हक्काचा राग फार आवडतो. ज्याचं अस्तित्व त्यांनी ग्रंथभर अनुमानाने मांडलं, त्याच्याशी ते भांडतात मात्र घरच्या माणसासारखे. अनुमानाच्या शेवटी आलेल्या कर्त्यावर असं कोणी रागावत नाही.

प्रश्न : आमची केळी कापणीला आलेली होती. जूनच्या वादळाने अख्खा बाग आडवा केला. शेजाऱ्याचा बाग वाचला. गावात एक जण म्हणाले, हे तुमचं पूर्वजन्मीचं कर्म. देव न्यायी असेल तर हे खरंच असेल का?
— एक शेतकरी भगिनी, यावल तालुका

उत्तर : ताई, तुमच्या बागेवरून तुमच्या कर्माचा हिशोब कोणालाही काढता येत नाही. आधी नुकसान पाहायचं आणि मग त्याला शोभेल असं पाप कल्पायचं, याला तर्क म्हणत नाहीत. शेजाऱ्याचा बाग पडला असता तर हेच वाक्य त्यांना ऐकवलं असतं. कोणत्याही घटनेला बसणारं कारण काहीच सांगत नाही.

देव न्यायी असेल तर दुःख का, हा प्रश्न मात्र खरा आहे. कुमारिल भट्ट तर वेद प्रमाण मानणारे मीमांसक. त्यांनी विचारलं, देवाने करुणेने सृष्टी केली म्हणता, पण सृष्टीआधी करुणा करायला होतं कोण? आणि करुणाच होती तर सगळे जीव सुखी का केले नाहीत? वेदान्त्यांनी उत्तर दिलं की ईश्वर ज्याच्या त्याच्या कर्माप्रमाणे फळ देतो, म्हणून तो पक्षपाती ठरत नाही. मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. त्याने देवावरचा आरोप निघतो आणि आडव्या पडलेल्या माणसावर येऊन बसतो. आधीच नुकसान झालेल्या बाईला अपराधी ठरवून राखलेला देवाचा न्याय मला नको.

तलाठ्यांकडून पंचनामा नीट लिहून घ्या, विमा उतरवला असेल तर कागद लगेच पुढे करा. आणि त्या गृहस्थांना पुन्हा बोलू देऊ नका.

प्रश्न : निवृत्त झालो आहे. या विषयाचं वाचन कुठून सुरू करू?
— एक वाचक, शिरपूर

उत्तर : जे मत तुम्हाला पटत नाही तिथून. आपल्या भाष्यकारांची रीतच होती, आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, पूर्ण ताकदीने मांडायचा आणि मग उत्तराला हात घालायचा. मराठी विश्वकोशातल्या दर्शनांवरच्या नोंदी घरबसल्या वाचता येतात. न्याय आणि मीमांसा पाठोपाठ वाचा. अमळनेर तुमच्यापासून लांब नाही. श्रीमंत प्रताप शेठजींनी १९१६ साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केलं, साने गुरुजी तिथे शिकायला आले होते. एकदा जाऊन या. वाचताना जे अडेल ते मला लिहा. पुढच्या अंकात घेईन.