हेअर ट्रान्सप्लांटनंतर जिम कधी? आधी डोकं बघा, मग कॅलेंडर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३१, नाशिकच्या अंबडला कंपनीत नोकरी, एफयूई पद्धतीने (मागून मुळं एकेक करून सुटी काढतात ती) २,६०० ग्राफ्ट, म्हणजे केसांच्या मुळांचे लावलेले पुंजके, आज सहावा दिवस. जिमचा ट्रेनर म्हणतो, बारा दिवस झाले की बिनधास्त या. मित्र म्हणतो, तीन महिने वजनाला हात लावलास तर पैसे पाण्यात. डॉक्टरांच्या कागदावर एकच ओळ, 'एक महिना व्यायाम टाळा'. त्यात मित्रांनी तिसऱ्या आठवड्यात हरिहर किल्ल्याचा ट्रेक ठरवलाय. ऐकायचं कोणाचं? आणि जिमवाले स्नायूंसाठी घेतात ते क्रिएटिन घ्यावं का?

मी डॉक्टर नाही. २०१९ च्या एप्रिलमध्ये माझे २,२०० ग्राफ्ट झाले. व्यायाम त्याआधीही पंधरा वर्षं चालू होता आणि आजही चालू आहे, आणि मधल्या महिना-दीड महिन्यात ज्या चुका करता येतात त्यातल्या बऱ्याच मी करून झाल्यात. तुमचं डोकं बघून तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर ते धरा, माझं सोडा.

आता गंमत बघा. बारा दिवस, एक महिना, तीन महिने हे तिन्ही आकडे वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत. ते एकाच प्रश्नाचं उत्तर समजल्यामुळे सगळा गोंधळ होतो.

नवीन लावलेला ग्राफ्ट पहिले दोन-तीन दिवस नुसत्या गोठलेल्या रक्ताच्या आधारावर बसलेला असतो. नख लागलं तरी निघतो. मग आजूबाजूची कातडी त्याला धरायला लागते, आणि साधारण नऊ-दहा दिवसांत तो इतका पक्का बसतो की केस ओढला तर केस हातात येईल, मूळ नाही. म्हणजे दहा दिवसांनंतर डेडलिफ्ट मारून कोणाचा ग्राफ्ट उडत नाही. तुमचा मित्र इथे चुकतोय. ट्रेनर बरोबर आहे, पण फक्त ग्राफ्टपुरता. त्याला हे माहीत नाही की तुमच्या डोक्याच्या मागच्या बाजूला, जिथून केस काढले तिथे, मिलिमीटरभर रुंदीची २,६०० भोकं पडली आहेत. ती वरून लवकर बुजतात, आतून बरी व्हायला वेळ घेतात. डॉक्टरांचा महिना आहे तो या कातडीसाठी, घामासाठी, घासण्यासाठी आणि उन्हासाठी. तीन महिने हा आकडा तुमच्या मित्राने बहुधा एफयूटी केलेल्या कोणाकडून ऐकला असेल. त्यात मागून कातडीची पट्टी काढून टाके घालतात. मानेवर-खांद्यावर ताण देणारे व्यायाम लवकर सुरू केले तर तो व्रण ताणून रुंद होतो आणि मग बारीक केस कापायची सोय राहत नाही. एफयूटीवाल्यांनी स्क्वॉट, डेडलिफ्ट, श्रग, सिट-अप यांना निदान दीड महिना हात लावू नये, आणि पुढेही डॉक्टरांना विचारूनच वजन वाढवावं. तुमचं एफयूई आहे, तेव्हा हे तुम्हाला लागू नाही.

सहाव्या दिवशी खरा धोका धक्क्याचा. माझंच सांगतो. आठव्या दिवशी स्वयंपाकघरात चहाचं भांडं काढायला वाकलो आणि सरळ होताना वरच्या कपाटाच्या उघड्या दाराची कड कपाळाच्या वर लागली. दुखलं काहीच नाही, कारण ट्रान्सप्लांटनंतर टाळू बरेच आठवडे, काहींचा तर काही महिने, बधिर असतो. ओट्यावर रक्ताचा थेंब पडला तेव्हा कळलं. शेजारी एक केस होता, बुडाशी तिळाच्या अर्ध्या दाण्याएवढा पांढुरका, ओलसर मांसल तुकडा. तो ग्राफ्ट. गेला तो गेलाच. ही खूण लक्षात ठेवा: ग्राफ्ट निघाला तर रक्त येतंच. रक्त नाही, नुसता खपलीला चिकटून केस आला, तर मूळ आत आहे, घाबरायचं कारण नाही. रक्त आलंच तर स्वच्छ गॉज हलक्या हाताने दाबून धरा, चोळू नका. दहा-पंधरा मिनिटांत थांबलं नाही तर डॉक्टरांना फोन.

या बधिरपणाचा व्यायामाशी फार जवळचा संबंध आहे आणि त्याबद्दल कोणीच बोलत नाही. स्क्वॉट रॅकखालून बाहेर येताना, केबल मशीनच्या वरच्या दांड्याशी, लॉकरच्या दाराशी डोकं लागणं ही जिममधली रोजची गोष्ट. एरवी आपण 'आई गं' म्हणून हात लावतो. आता लागलेलं कळणारच नाही. उन्हाचंही तेच. टाळू भाजतोय हे संध्याकाळी आरशात दिसतं.

दुसरी गोष्ट रक्तदाबाची. १९८५ च्या एका प्रयोगात पाच अनुभवी बॉडीबिल्डरांच्या धमनीत नळी घालून वजन उचलताना थेट दाब मोजला होता. दोन्ही पायांच्या जड लेग प्रेसला सरासरी ३२०/२५० आला! काही सेकंदांपुरता असतो आणि निरोगी माणसाला पेलतो, पण तेवढे सेकंद तो दाब डोक्याच्या बारीक रक्तवाहिन्यांपर्यंतही पोचतो. हे होतं मुख्यतः श्वास रोखून जोर लावल्यामुळे. त्यामुळे 'कोणता व्यायाम' यापेक्षा 'श्वास रोखावा लागतोय का' हा प्रश्न जास्त कामाचा आहे. ज्या वजनाला तुम्ही शेजारच्याशी बोलत-बोलत दहा रेप मारू शकता, ते तिसऱ्या आठवड्यात चालतं. ज्याला दात-ओठ खावे लागतात ते महिन्यानंतर.

हे मी शिकलो ते तेराव्या दिवशी. खपल्या गेल्या, डोकं स्वच्छ दिसलं, म्हणून जिममध्ये जाऊन नेहमीच्या निम्म्या वजनाने स्क्वॉट मारले. तिसऱ्या सेटला मागचा भाग ठणकायला लागला, नाडी लागावी तसा. तिथेच थांबायला हवं होतं. त्याऐवजी मी बेंच प्रेसला आडवा झालो. जरा विचार करा, त्या बेंचवर माझ्याआधी चार जणांचा घाम सांडलेला, एप्रिलचा नाशिकचा उकाडा, आणि मी नुकती बरी होत असलेली मागची कातडी त्या रेक्झिनवर दाबून घासतोय. वर जिमच्या नॅपकिनने खसाखसा डोकं पुसलं. पाच दिवसांनी मागे पंधरा-वीस पुटकुळ्या, काहींत पू. डॉक्टरांनी मलम दिलं, गोळ्या दिल्या आणि बरंच काही ऐकवलं. ते मिटायला दोन आठवडे गेले, म्हणजे घाईने मिळवलेले दिवस व्याजासकट परत दिले.

घामाबद्दल लोकांत उगाच भीती आहे. घामाने ग्राफ्ट मरत नाहीत. पण घाम वाळला की खाज सुटते, खाज सुटली की हात जातो, आणि नख हे या काळातलं सगळ्यात वाईट अवजार. घाम टिपायचा, पुसायचा नाही. स्वतःचा धुतलेला सुती पंचा न्यायचा, बेंचवर अंथरायचा आणि घरी आल्याबरोबर डॉक्टरांनी दिलेल्या शाम्पूने डोकं धुवायचं. तुम्ही डिसेंबरात केलंय हे बरं केलं, माझ्यासारखं उन्हाळ्यात नाही.

तर तुमच्या बाबतीत. दहाव्या दिवसापर्यंत नुसतं चालणं, तेही दम लागणार नाही असं. सकाळी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर गर्दी असते, पळणाऱ्या पोरांचे धक्के लागतात. घराजवळच्या शांत गल्लीत फिरा. खाली वाकून बुटाच्या नाड्या बांधू नका, खुर्चीवर बसून पाय वर घ्या. कपाळावर-डोळ्यांवर आलेली सूज म्हणजे ऑपरेशनच्या वेळी टाळूत भरलेलं पाणी खाली उतरतंय, वाकल्याने ती वाढते. सूर्यनमस्कार, शीर्षासन, अधोमुख काहीही बंद. डोक्यातून घालायचे टी-शर्ट बाजूला ठेवा, बटणांचे शर्ट घाला. थंडी आहे म्हणून घरचे कानटोपी चढवतील, ती तर अजिबात नको. डॉक्टरांनी दिलेली सैल टोपी तेवढी चालेल.

दहाव्या ते चौदाव्या दिवसात खपल्या धुताना आपसूक निघून जातात. त्या निघेपर्यंत जिमच्या पायऱ्या चढू नका, मग पंधरावा दिवस उजाडला तरी. निघाल्या की घरची सायकल, झपझप चालणं, पायांचं मशीनवरचं हलकं काम. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नेहमीच्या निम्म्यापर्यंत वजन, हळू जॉगिंग. स्क्वॉटचा बार मानेखाली टेकवताना तो मागच्या भागाला लागत नाही ना ते कोणालातरी बघायला सांगा, आपल्याला दिसत नाही. महिना झाला, मागे पुरळ नाही, लाली ओसरली, ठणका नाही, की हळूहळू पूर्ण वजन. पोहणं महिन्यानंतरच. सावरकर तलावाचं क्लोरीनचं पाणी नको आणि कोणी कितीही पुण्याचं सांगितलं तरी गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, रामकुंडात डुबकी तर नकोच. स्टीम आणि सॉनाही तेव्हाच. कबड्डी, कुस्ती, फुटबॉलचा हेडर यांना मी दीड-दोन महिने थांबलो असतो.

तुम्ही विचारलं नाहीत पण मला जास्त काळजी तुमच्या नोकरीची वाटते. अंबडला जायचं म्हणजे बाईक आणि हेल्मेट, आणि शॉप फ्लोअरवर पुन्हा सेफ्टी हेल्मेट. त्या सेफ्टी हेल्मेटच्या आतला पट्टा बरोबर नव्या हेअरलाइनवर बसतो आणि आठ तास तिथेच घासतो. जिमच्या एका तासापेक्षा हे वाईट. विनाहेल्मेट गाडी चालवा असं मी मेलो तरी सांगणार नाही. दोन आठवडे सिटीलिंकची बस किंवा रिक्षा, आणि सुपरवायझरला आधीच सांगून तेवढे दिवस टेबलावरचं काम. लाज वाटत असेल तर 'डोक्याला छोटं ऑपरेशन झालंय' म्हणा, ते खोटं नाही. चौदा दिवसांनी हेल्मेट सुरू करताना ते सरळ वरून खाली घाला, पुढून मागे सरकवत नाही, आणि आतलं अस्तर धुऊन घ्या. नाशिकच्या धुळीत वर्षभर वापरलेल्या हेल्मेटचं अस्तर एकदा उलटं करून बघा म्हणजे कळेल.

अजून एक इशारा. साधारण दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात लावलेले केस गळतात. जवळजवळ सगळ्यांचे गळतात. मूळ आत राहतं, नवीन केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात डोकं वर काढतात आणि खरा निकाल वर्षभराने दिसतो. अडचण अशी की हे गळणं नेमकं तुम्ही जिम पुन्हा सुरू करता त्याच सुमारास येतं. मला चौथ्या आठवड्यात अंघोळीनंतर तळहातावर तीस-चाळीस केस दिसले आणि मी पंधरा दिवस व्यायाम बंद केला. त्याने एक केस वाचला नाही, फक्त माझा दम कमी झाला. तुमचा मित्र तेव्हा 'सांगितलं होतं ना' म्हणेल. म्हणू द्या.

ताकद जाईल ही भीती सोडा. नियमित करणाऱ्याची ताकद तीन आठवड्यांच्या सुट्टीत फारशी हलत नाही. दंड बारीक दिसतात ते बरंचसं स्नायूतलं पाणी आणि ग्लायकोजन (साठवलेली साखर) कमी झाल्यामुळे. क्रिएटिनबद्दल विचारलंत: केसगळतीची बोंब सुरू झाली ती २००९ च्या दक्षिण आफ्रिकेतल्या रग्बी खेळाडूंवरच्या एका छोट्या अभ्यासातून. त्यात डीएचटी, म्हणजे टक्कल पडण्याशी संबंध असलेलं हार्मोन, वाढलेलं दिसलं, केस कोणी मोजलेच नव्हते. मी घेतो. पण महिनाभर थांबलात तर बिघडत काही नाही. सिगारेट मात्र खरंच बंद, निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि नव्या मुळांना तेवढंच रक्त हवं असतं. केस वाढण्यासाठी देतात ती मिनॉक्सिडिलची गोळी चालू असेल तर पहिल्या काही दिवसांत व्यायाम करताना छातीत धडधड किंवा उठताना चक्कर येते का तिकडे लक्ष ठेवा, आणि आली तर डॉक्टरांना सांगा. ताप, वाढत जाणारं दुखणं, पू, किंवा लावलेल्या भागात कातडी काळी पडायला लागली तर माझं उत्तर वाचत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

राहिला हरिहर. तिसऱ्या आठवड्यात नको. दम लागेल म्हणून नाही, तुम्ही तरुण आहात. जवळजवळ उभ्या कातळातल्या त्या पायऱ्या चढून पहिल्या दरवाज्यातून आत गेलात की पुढे डोंगर कोरून काढलेली वाट आहे, तिथे डोक्यावर कातळ येतो आणि वाकूनच जावं लागतं. सुट्टीच्या दिवशी पुढे-मागे माणसंच माणसं, घाईत मान वर झाली की डोकं थेट दगडाला. तुम्हाला कळणारही नाही. मित्रांना जाऊ दे. त्या रविवारी तुम्ही सकाळी सातला पांडवलेण्याच्या दोनशेएक पायऱ्या सावकाश चढा, वर बसून पाणी प्या, ऊन चढायच्या आत उतरा. मागचा भाग ठणकला नाही तर सोमवारी जिमला जायला हरकत नाही. पंचा न्यायला विसरू नका.