पगारातली तफावत आणि अनुभवाचा रकाना

प्रश्न : एम.ए.च्या प्रकल्पासाठी वागळे इस्टेटमधल्या छोट्या कारखान्यांत पाहणी करते आहे. बायकांचा पगार कमी भरतो. मालक म्हणतात, ‘त्यांचा अनुभव कमी.’ यात तथ्य किती, हे कसं काढू? – विद्यार्थिनी, ठाणे

उत्तर : आधी अनुभव कसा मोजलात ते पाहा. वयातून शिक्षणाची वर्षं आणि शाळेआधीची 6 वर्षं वजा करायची, उरेल तो अनुभव, अशी सोय अर्थशास्त्रज्ञ जेकब मिन्सर यांच्या 1974च्या वेतनसमीकरणापासून (शिक्षण आणि अनुभवावरून पगार मांडणारं सूत्र) रूढ आहे. बारावी झालेल्या 32 वर्षांच्या बाईला त्या हिशेबाने 14 वर्षं मिळतात. पण बाळंतपणं, घरातलं आजारपण यांत 6 वर्षं काम सुटलं असेल, तर खरा अनुभव 8चाच. म्हणून नोकरी कधी धरली, कधी सोडली, पुन्हा कधी धरली, हे प्रत्येकीला विचारा. पगारही तासावर आणा; नाहीतर पुरुषांचा ओव्हरटाइम आणि बायकांचं नगावरचं काम यांची तुलनाच होत नाही.

मग अर्थशास्त्रज्ञ ओहाका आणि ब्लाइंडर यांची 1973ची विभागणी करा; तफावतीतला किती भाग शिक्षण-अनुभवाने उलगडतो आणि किती उरतो, हे ती वेगळं काढते. सोयीसाठी महिन्याचे गोल आकडे घेऊ. समजा, पुरुषांच्या पगाराचं समीकरण असं निघालं : मूळ 6,000, शिक्षणाच्या दर वर्षाला 1,000, अनुभवाच्या दर वर्षाला 400. त्यांची सरासरी 10 वर्षं शिक्षण, 10 वर्षं अनुभव; पगार 20,000. बायकांचं शिक्षण 11 वर्षं, अनुभव 6, पगार 15,000. पुरुषांच्याच दराने त्यांना 6,000 + 11,000 + 2,400, म्हणजे 19,400 मिळायला हवेत. तफावत 5,000ची, शिक्षण-अनुभवाने उलगडते फक्त 600. उरलेले 4,400 सगळेच भेदभावाचे म्हणता येणार नाहीत, कारण कौशल्यासारख्या न मोजलेल्या गोष्टीही त्यात असतात. पण मालकांचं कारण एवढ्या रकमेला पुरत नाही, हे ठामपणे लिहा.

समीकरणात ‘पद’ घालताना मात्र जपून. बढतीच नाकारली असेल, तर पदाचा रकाना भेदभावालाच ‘कारण’ म्हणून दाखवतो. पदासह आणि पदाशिवाय, दोन्ही उत्तरं द्या.

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत पॅकिंग मशीन चालवते. तेच मशीन दुसऱ्या पाळीत चालवणाऱ्याला जास्त पगार आहे. तो ‘ऑपरेटर’, मी ‘हेल्पर’. – वाचक, घणसोली

उत्तर : कायदा पदाच्या नावावर थांबत नाही. 1976चा समान वेतन कायदा आता वेतन संहिता, 2019 मध्ये आला आहे. कामाला लागणारं कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी सारखी, कामाची परिस्थितीही सारखी, तर स्त्री-पुरुष म्हणून वेतनात फरक करता येत नाही. बरोबरी साधायला दुसऱ्याचा पगार कापायलाही मनाई आहे. सहकाऱ्याला हे आधी सांगा, तो साथ देईल. रात्रपाळी भत्ता आणि ओव्हरटाइम वगळून दोघांच्या पगारपत्रकांतलं मूळ वेतन आणि महागाई भत्ता ताडून पाहा. मशीनवर तुमचं नाव असलेले पाळीचे तक्ते, उत्पादनाच्या नोंदी यांच्या प्रती जपा. मग व्यवस्थापनाकडे लेखी अर्ज करून पोच घ्या. दाद लागली नाही, तर याच कागदांसह कामगार विभागाच्या ठाणे कार्यालयात तक्रार करा. संघटना असेल तर तिच्यामार्फत जा, एकट्या बाईवर दबाव आणणं सोपं असतं.