थकवा, व्यायाम आणि राहून गेलेली रक्ततपासणी

‘व्यायाम करायचा आहे, पण अंगात त्राणच नसते,’ ही तक्रार वाचकांच्या पत्रांत वारंवार येते. आळस आणि आजार यांची त्यात सर्रास गल्लत होते, म्हणून काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : दिवसभर संगणकासमोर बसून संध्याकाळी गळून जातो. चालायला जावे की विश्रांती घ्यावी? (वय 34)

उत्तर : चालायला जावे. सुरुवातीला दहाच मिनिटे, बोलता येईल इतक्या वेगाने चालावे. तीन आठवड्यांच्या नेमानंतरही हुशारी वाटली नाही, तर डॉक्टरांना भेटावे.

प्रश्न : व्यायामाआधी एनर्जी ड्रिंक घेतले तर चालेल का? (वय 22)

उत्तर : घेऊ नये. त्यातील कॅफीनने येणारी तरतरी उसनी असते आणि तिची फेड रात्रीच्या झोपेतून होते. रक्तदाबाचा किंवा धडधडीचा त्रास असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याला हातही लावू नये.

प्रश्न : दोन मुले आणि नोकरी सांभाळते. जिना चढताना धाप लागते. सासूबाई म्हणतात, बाळंतपणानंतर असे होतेच. मैत्रिणीच्या सांगण्यावरून वर्षभर बीट खाते आहे. जिममध्ये नाव घातले, तर चौथ्या दिवशी चक्कर आली. प्रशिक्षक म्हणाले, निश्चय कमी पडतो. (वय 38)

उत्तर : ताई, तुमचा निश्चय कमी पडलेला नाही. जिम तूर्त थांबवा आणि याच आठवड्यात डॉक्टरांना भेटून हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉईड तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, आणि तरीही थकलेल्या बाईला रक्त तपासायला सांगण्याआधी आपण पहाटे उठून चालायला सांगतो, याची मला मनापासून चीड येते. स्नायूंना प्राणवायू पोहोचवणारे हिमोग्लोबिनच अपुरे असेल, तर जिन्याच्या दहा पायऱ्यासुद्धा डोंगरासारख्या वाटणार. गरोदर नसलेल्या स्त्रीमध्ये ते 12 ग्रॅमच्या खाली गेले की त्याला रक्तक्षय म्हणतात. मात्र शरीरातील लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, त्याच्या कितीतरी आधी आटू लागतो, त्यामुळे ‘हिमोग्लोबिन नॉर्मल आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका.

बिटाने रक्त वाढते हा समज त्याच्या रंगावरून पडला असावा. 100 ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसते. हळीव, कडधान्ये, पालेभाज्या लिंबू पिळून खाव्यात आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये, कारण चहामुळे लोहाचे शोषण घटते. परंतु साठा रिकामा झाल्यावर केवळ आहाराने तो लवकर भरून निघत नाही. गोळ्या लागतातच, आणि शौच काळी होते किंवा पोट जड होते म्हणून त्या पंधरा दिवसांत सोडून देणे ही नेहमीची चूक आहे. हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही त्या साधारण तीन महिने चालू ठेवाव्या लागतात. गोळी सोसत नसेल तर डॉक्टर ती बदलून देतील. ‘ताकदीचे सलाईन’ मात्र लावून घेऊ नका. मीठपाण्याने किंवा साखरपाण्याने रक्त वाढत नाही, पैसे तेवढे जातात.

शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लोह कोठे जाते आहे, हे शोधले पाहिजे. पाळीत दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावे लागत असेल किंवा गाठी पडत असतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना तसे स्पष्ट सांगा. अनेक जणी हे वर्षानुवर्षे अंगावर काढतात. पुरुषांत आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांत लोह कमी आढळले, तर पोटातून रक्तस्राव होत नाही ना, याची तपासणी विनाविलंब व्हायला हवी.

प्रश्न : मी शाकाहारी आहे. मेडिकलमधून बी-12 ची इंजेक्शने परस्पर घेतली तर? (वय 45)

उत्तर : आधी तपासणी करावी, मग इंजेक्शन घ्यावे, हा क्रम उलटला की अहवालात खोटा दिलासा मिळतो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे, कारण त्यानेही बी-12 कमी होते.

प्रश्न : रक्ताचे सर्व अहवाल ठीक आहेत. वजन वाढले आहे, खूप घोरतो, दुपारी डुलक्या येतात. (वय 51)

उत्तर : झोपेत श्वास अडत असण्याची शक्यता आहे, म्हणून झोपेची तपासणी करून घ्यावी, आणि डुलक्या थांबेपर्यंत वाहन चालवू नये.

प्रश्न : डेंग्यू होऊन चार महिने झाले. थोडे चालले तरी दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही. घरचे म्हणतात, जोर लावल्याशिवाय ताकद येणार नाही. (वय 29)

उत्तर : घरच्यांचा हा सल्ला येथे अपाय करू शकतो. श्रमानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रकृती ढासळत असेल, तर नेट लावून व्यायाम वाढवू नये आणि जेवढे सोसते त्याच्या आत राहावे. किती चाललात, किती झोपलात आणि दुसऱ्या दिवशी कसे वाटले, याची रोज एका ओळीत नोंद करा आणि जमेल तेवढी नोंद घेऊन लवकरात लवकर फिजिशियनना भेटा.